गुण कोणाचे?

काव्यशास्त्राच्या तासाला ‘गुण’ या विषयाची सुरुवात बहुधा एका जुन्या वादाने होते. वामनाने दहा शब्दगुण आणि दहा अर्थगुण सांगितले. मम्मटाने ते माधुर्य, ओज आणि प्रसाद या तिनांत आणले आणि वर असेही म्हटले, की गुण हे मुळात शब्दाचे नव्हेतच, ते रसाचे धर्म आहेत. शौर्य आत्म्याचे असते, शरीराचे नव्हे, तसे. एम. ए.ला असताना हा वाद मला परीक्षेपुरता ठाऊक होता. तो जिवंत प्रश्न म्हणून माझ्यासमोर उभा राहिला तो पुढे कित्येक वर्षांनी, आज्ञावली लिहिण्याच्या व्यवसायात पुरता रुळल्यावर, मोबाइलच्या पडद्यावर अभंग नीट दिसावा म्हणून एक घटक रचायला बसलो तेव्हा.

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचा या व्यवसायाशी संबंध नसणार, म्हणून थोडे पूर्वरंग आवश्यक आहे. फोनच्या पडद्यावर जे काही दिसते ते घटकांचे बनलेले असते. कळ हा एक घटक, चित्राची चौकट हा दुसरा, मजकूर दाखवणारी पट्टी हा तिसरा. २००८ साली अँड्रॉइडची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून हे घटक एक्सएमएल नावाच्या चिन्हभाषेत मांडण्याची पद्धत रूढ झाली. घटकाचे नाव लिहायचे आणि त्यापुढे त्याचे गुणधर्म: रुंदी इतकी, रंग हा, अक्षरांचा आकार इतका. हे गुणधर्म व्यवस्थेच्या कर्त्यांनी आधीच ठरवून दिलेले असतात, आणि शंभरातली नव्वद कामे त्यांच्यावर भागतात. उरलेल्या दहांसाठी आपला स्वतःचा घटक घडवावा लागतो. आणि घटक आपला, तर त्याचे गुणधर्मही आपणच ठरवायचे. त्यासाठी ‘अ‍ॅटर्स’ या नावाची एक छोटी फाइल ठेवण्याचा रिवाज आहे. तीत प्रत्येक गुणधर्माचे नाव आणि त्याचे स्वरूप नोंदवायचे. कोशासारखीच ही फाइल असते. फरक एवढाच, की येथे शब्द आधी जन्मतो आणि त्याचा वापर नंतर सुरू होतो.

आमच्या महाविद्यालयातील मराठीच्या बाई निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली. दर शनिवारी त्यांच्या घरी चार-सहा विद्यार्थी जमतात आणि अभंगांचे पाठांतर करतात. पाठांतर हा शब्द हल्ली विद्यापीठीय वर्तुळात कमीपणाचा झाला आहे, पण बाईंचे मत असे, की जो अभंग तोंडात नाही त्याच्यावर लिहिण्याचा अधिकार नाही. (या मताशी मी पूर्ण सहमत नाही, परंतु त्यांच्यासमोर तसे म्हणण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही.) बाईंची दृष्टी मात्र वर्षागणिक अधू होत गेली. छापील गाथा हातात धरणे त्यांनी सोडले. फोनवर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, म्हणून फोन हेच त्यांचे पुस्तक झाले. आणि तेथेच घोटाळा होता.

छापील पानावर मोठ्या अभंगाचे कडवे आपल्या ओळखीचे असते: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण, दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक, शेवटी दोन दंडांमध्ये क्रमांक. बहुतेक ठिकाणी पहिल्या ओळीत दोन चरण आणि दुसरीत दोन. अक्षर मोठे केले की बारा अक्षरांची ती ओळ अरुंद पडद्यावर मावत नाही, आणि मजकुराची पट्टी तिला जेथे जागा संपेल तेथे मोडते. पट्टीला शब्द कळतात, जागा कळते. चरण कळत नाही. दुसऱ्या चरणाचे शेपूट खाली एकटे पडते आणि तेच नव्या चरणाचा आव आणते. कधी कधी नुसता दंड आणि क्रमांकच वेगळ्या ओळीवर जाऊन बसतो. बाईंनी फोन माझ्यापुढे धरला आणि विचारले, “हा मुक्तछंद कुणी केला?”

मी म्हटले, “बाई, एवढ्या मोठ्या अक्षरात ओळ मोडणारच.”

“मोडू दे की. पण मोडलेली ओळ मोडलेली दिसली पाहिजे. चरण असल्याची बतावणी तिने करू नये.”

छपाईच्या धंद्यात यावर जुना उपाय आहे. ओळीचा उरलेला भाग पुढच्या ओळीवर थोडा आत सरकवून लावतात, म्हणजे डोळ्याला कळते की ही मागचीच ओळ आहे. पट्टीला हे शिकवणे अवघड नाही. परंतु दर ठिकाणी वेगळे शिकवण्यापेक्षा अभंग दाखवणारा एक स्वतंत्र घटक घडवावा आणि ‘किती आत सरकायचे’ हा त्याचा गुणधर्म करावा, हे अधिक नीटसे. हा आमचा पहिला गुणधर्म. त्याचे स्वरूप ‘परिमाण’.

या परिमाणातही एक मेख आहे. अँड्रॉइडमध्ये लांबी मोजण्याची दोन मुख्य एकके आहेत. डीपी हे पडद्याच्या घनतेशी जुळवून घेते. एसपी हे त्याशिवाय वाचकाने निवडलेल्या अक्षराच्या आकाराशीही. सरकवण्याचे अंतर डीपीत दिले तर बाईंनी अक्षर दुप्पट केले तरी अंतर होते तेवढेच राहील, आणि मोठ्या अक्षरापुढे ते नसल्यासारखे दिसेल. म्हणून ते एसपीत हवे. गुणधर्माचे स्वरूप ‘परिमाण’ असे नोंदवले की दोन्ही एकके चालतात. कोणते वापरायचे हे पडदा मांडणाऱ्याच्या विवेकावर सोडलेले असते. २०२३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १४ ने अक्षरे दोनशे टक्क्यांपर्यंत मोठी करण्याची सोय दिली, आणि ती देताना आधीच मोठी असलेली अक्षरे लहान अक्षरांच्या मानाने कमी वाढतील असा बंदोबस्त केला. अभंगाचा मजकूर आणि त्यातले अंतर हे दोन्ही एकाच हिशेबाने वाढतील असे आता गृहीत धरता येत नाही. ज्याला डोळ्यांनी चांगले दिसते त्याला हे सारे तपशील निरर्थक वाटतील. बाईंना चरण दिसतो की नाही हे मात्र त्यांच्यावरच अवलंबून होते.

दुसऱ्या गुणधर्मापाशी आमचा वाद सुरू झाला. गुणधर्माच्या स्वरूपांत एक प्रकार ‘गणने’चा असतो: म्हणजे मोजके पर्याय आधी जाहीर करायचे आणि त्यांतला एकच निवडू द्यायचा. ‘छंद’ हा असा गुणधर्म करता येईल, असा एक मार्ग समोर होता. मोठा अभंग, लहान अभंग, ओवी असे पर्याय द्यावेत. घटकाने छंद पाहून ओळी आपणहून पाडाव्यात. आज्ञावलीच्या दृष्टीने हे मोहक होते. बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “आणि सात अक्षरांचा चरण आला की तुझा घटक काय करणार?”

प्रश्न बिनतोड होता. संतांच्या अभंगात अक्षरसंख्या काटेकोर नसते. म्हणताना एखादे अक्षर आखडते, एखादे लांबते, आणि चाल ते सावरून घेते. ओवीचे तर विचारूच नये. ग्रंथातल्या ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड हे लक्षण खरे; पण चरणाची लांबी कवीगणिक आणि कधी ओवीगणिक बदलते. माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त पद्याची वृत्त, जाति आणि छंद अशी विभागणी करून दाखवली, आणि छंद हा त्यांपैकी सर्वांत सैल प्रांत आहे हे तिच्यातूनच कळते. सैल प्रांताला बंदिस्त यादी लावणे म्हणजे नदीला फूटपट्टी लावणे. पण बाईंचा खरा आक्षेप याहून खोल होता. “छंद हा अभंगाचा गुण आहे,” त्या म्हणाल्या. “तुझ्या चौकटीचा नाही. चौकटीने तो सांगू नये, आणि ओळखूही नये.”

येथे मला मम्मट आठवला. गुण कोणाचा, शब्दाचा की रसाचा, या प्रश्नाचे हे नवे रूप होते: गुण कोणाचा, संहितेचा की दाखवणाऱ्या घटकाचा? संगणकीय पाठचिकित्सेच्या क्षेत्रात हा प्रश्न आधीच विचारला गेला आहे. १९८७ साली सुरू झालेल्या टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह या प्रकल्पाने साहित्यकृतींच्या खुणांकनाचे नियम घडवले. त्यांत पद्याच्या ओळीला एक खूण आहे, ओळींच्या गटाला दुसरी. आणि छंद, यमक हे या खुणांचे गुणधर्म म्हणून लिहिता येतात. म्हणजे छंद संहितेसोबत राहतो. संहिता कागदावर छापली, पडद्यावर दाखवली किंवा नुसती साठवून ठेवली, तरी तिचा छंद तिच्यापाशी असतो. अँड्रॉइडच्या घटकाचे गुणधर्म मात्र दाखवण्यापुरते. दोन्ही ठिकाणी चिन्हभाषा तीच, दोन्हीकडे शब्द ‘अ‍ॅट्रिब्यूट’ हाच. धर्म मात्र निराळ्या धर्मींचे. आम्ही चरणाच्या सीमा संहितेत खुणांनी दाखवल्या, आणि घटकाला छंदाविषयी काहीही न सांगण्याचे ठरवले. त्याला एवढेच माहीत असावे, की या खुणेपाशी ओळ मोडली तर चालेल आणि अन्यत्र मोडावी लागली तर आत सरकायचे.

क्रमांकाच्या बाबतीत हाच मुद्दा वेगळ्या वाटेने आला. घटकाने कडवी मोजून क्रमांक आपोआप टाकावेत, आणि ते दाखवायचे की नाही हा ‘होय-नाही’ स्वरूपाचा गुणधर्म असावा, हे कोणालाही प्रथम सुचेल. पण गाथा उघडून पाहा. पहिल्या कडव्यानंतर एक हा आकडा येतो, दुसऱ्यानंतर आकडा येत नाही, ‘ध्रु.’ येते, आणि तिसऱ्यानंतर दोन. मोजणाऱ्या यंत्राला हा क्रम चुकलेला वाटेल. प्रत्यक्षात तो गायनाचा नकाशा आहे: दुसरे कडवे हे पुन्हा पुन्हा परतून यायचे ठिकाण, त्याची गणती इतरांबरोबर होत नाही. तेव्हा क्रमांक हाही संहितेचाच भाग ठरला. घटकाकडे उरले ते त्याचे स्थान: ओळीच्या शेवटाला चिकटून, की उजव्या समासात. येथे गणनेचे स्वरूप अगदी शोभून दिसले, कारण जागा खरोखर दोनच होत्या.

नावांविषयी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. एका अनुप्रयोगात येणाऱ्या सर्व गुणधर्मांची नावे एकाच पंगतीत बसतात. तुम्ही एक नाव एका स्वरूपाने नोंदवले आणि उसन्या घेतलेल्या दुसऱ्या ग्रंथालयाने तेच नाव वेगळ्या स्वरूपाने नोंदवले, तर अनुप्रयोगाची बांधणी तेथेच थांबते. मराठीत ‘पद’ म्हणजे पाय, हुद्दा, शब्द आणि गाणे हे सारे सुखाने नांदते. येथे ती मुभा नाही. म्हणून अनुभवी मंडळी आपल्या नावांना घराण्याचा एखादा उपसर्ग लावतात. आमच्या फाइलीत ‘अभंग’ हा उपसर्ग आला, आणि पुढे ‘अंतर’, ‘क्रमांकस्थान’ अशी नावे रोमन लिपीत. सहकाऱ्यांपैकी एकाने विचारले, की ही नावे इंग्रजीत का नाहीत, उद्या दुसरा कोणी हे सांभाळील तेव्हा काय? प्रश्न रास्त होता. पण ‘ध्रुवपद’ याला जो इंग्रजी शब्द सुचवला गेला त्याने कडव्याचे परतणे तेवढे उरत होते, अढळपण जात होते. असो.

तिसरा गुणधर्म बाईंच्या शिकवण्याच्या रीतीतून आला. पाठांतर तपासताना त्या पुस्तकावर पोस्टकार्ड ठेवून ओळीचा उत्तरार्ध झाकीत. तेच पडद्यावर हवे होते: कधी यमकाचा शब्द झाकायचा, कधी शेवटचा आखूड चरण, कधी कवीची नाममुद्रा, आणि कधी यांतल्या दोन गोष्टी एकदम. गणना येथे अपुरी पडते, कारण ती एकच निवडू देते. यासाठी ‘ध्वजां’चे स्वरूप असते. प्रत्येक पर्यायाला एक, दोन, चार, आठ अशी दुपटीने चढणारी किंमत द्यायची. मग पाच ही बेरीज आली तर ती एक आणि चार यांचीच असणार, दुसरी कशाचीही नाही. एका आकड्यात अनेक होकार साठवण्याची ही युक्ती मला आजही सुंदर वाटते. बाईंना ती समजावून सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे समास. विग्रह एकच होईल असा.”

या फाइलीचा दुसरा भाग म्हणजे गुणधर्माचे मूल्य कोठून येते याचा क्रम, आणि व्याकरण शिकवणाऱ्यांना तो विशेष रुचावा. घटकापाशी मूल्य थेट लिहिले असेल तर ते सर्वश्रेष्ठ. ते नसेल तर घटकाला लावलेल्या शैलीत पाहायचे. तेथेही नसेल तर साऱ्या अनुप्रयोगाच्या वेषात या जातीच्या घटकांसाठी काही सांगितले आहे का ते. मग घटकाच्या कर्त्याने ठेवलेली मूलभूत शैली. आणि सर्वांत शेवटी वेषातले सर्वसाधारण मूल्य. विशेष विधी सामान्य विधीला बाधतो, हा पाणिनीय परंपरेतला उत्सर्ग-अपवादाचा न्यायच हा. यामुळे बाईंच्या फोनवर अंतर मोठे, विद्यार्थ्यांच्या फोनवर नेहमीचे, आणि एखाद्या अवघड अभंगापुरते वेगळे, असे सारे एकमेकांच्या पायात न येता राहू शकते.

मूल्ये घटक जन्मतो तेव्हा एकदाच वाचली जातात. ज्या तात्पुरत्या साठ्यातून ती वाचायची तो सामाईक असतो, म्हणून काम होताच तो परत करावा लागतो, वाचनालयाच्या पुस्तकासारखा. पुढे मूल्य बदलायचे तर घटकाला वेगळा दरवाजा ठेवावा लागतो, आणि बदलानंतर व्यवस्थेला कळवावे लागते. कळवण्याचे दोन प्रकार आहेत: ‘पुन्हा रंगव’ आणि ‘पुन्हा मोज’. शाई काळ्याऐवजी करडी केली तर रंगवणे पुरते. अंतर बदलले तर ओळी नव्याने मोडतात, उंची बदलते, खालचे सारे सरकते. मग मोजणेही आले. कोणता गुण केवळ दिसण्याला स्पर्श करतो आणि कोणता आकारालाच हात घालतो, हे प्रत्येक गुणधर्माच्या बाबतीत वेगवेगळे ठरवावे लागते. शैलीविज्ञानाच्या पुस्तकांतून हा भेद इतक्या नेमकेपणाने मला कधी भेटला नव्हता.

बाईंची पुढची तक्रार अक्षराच्या वळणाची होती. “हा ल आपला नाही.” फोनवरचा ‘ल’ हिंदी वळणाचा होता, ‘श’ही तसाच. मराठीत आपण पाकळीचा ल आणि देठाचा श लिहितो; शासनाच्या २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयातही या रूपांचा विचार झालेला आहे. गंमत अशी, की युनिकोडच्या दृष्टीने दोन्ही ल एकच: क्रमांक ०९३२. संहितेत हिंदी ल किंवा मराठी ल असे काही लिहिलेलेच नसते. टंकात दोन्ही रूपे असतील, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे कोणी सांगितले, तर टंक आपले मराठी रूप पुढे करतो. म्हणजे ‘भाषा’ हा गुणधर्म घटकाला द्यावा लागला, आणि तो देताच अक्षराने चेहरा बदलला. एकही अक्षर न बदलता.

आता हा गुण कोणाचा म्हणावा? भाषा तर संहितेची. तिच्याइतके संहितेचे दुसरे काय असणार? पण येथे संहितेला स्वतःची भाषा ठाऊक नव्हती, आणि चौकटीने ती सांगितल्यावाचून ती दिसेना. छंदाविषयी आम्ही केलेला निवाडा येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. बाईंना मी तसे म्हटले. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि मग ‘श’कडे पाहत राहिल्या, उत्तर दिले नाही.

या पद्धतीचे दिवस आता उतरणीला लागले आहेत, हेही नोंदवले पाहिजे. २०२१ साली गूगलने जेटपॅक कंपोझ ही नवी रीत स्थिर स्वरूपात आणली. तीत एक्सएमएलची मांडणी नाही, गुणधर्मांची वेगळी फाइल नाही. घटक म्हणजे एक फलन, आणि गुणधर्म म्हणजे त्या फलनाचे कंसात लिहिलेले प्राचल. मूलभूत मूल्यही तेथेच लिहून टाकायचे. काम सुटसुटीत होते यात शंका नाही. जुनी रीत अजून चालते, पण नवे काम सुरू करणाऱ्याला तिची शिफारस कोणी करीत नाही. मला त्या छोट्या फाइलीची हळहळ वाटते ती एका कारणाने. तीत आज्ञा एकही नसे. एखाद्या वस्तूविषयी काय काय बोलता येईल एवढीच ती यादी असे, आणि ती आज्ञावली न जाणणाऱ्यालाही वाचून दाखवता येई. आमचे सारे वाद त्या यादीवरच झाले. कंसातल्या प्राचलांवर बाईंशी तसा वाद झाला असता का, मला शंका आहे.

सध्या एक गुणधर्म तसाच पडून आहे. बाईंना आता मोठे अक्षरही दिसेनासे होत चालले आहे, आणि त्यांना अभंग ऐकायचा आहे. यंत्र मजकूर वाचून दाखवते, पण चरणाशी थांबत नाही; किंवा थांबते ते सगळीकडे सारखेच. बाईंच्या मते दुसऱ्या चरणानंतरचा विसावा तिसऱ्यानंतरच्यापेक्षा मोठा, चौथ्यानंतरचा सर्वांत मोठा, आणि ध्रुवपदानंतरचा ‘घेऊन बघ, आपोआप कळेल’ असा. मी म्हटले, हे मिलिसेकंदांत सांगावे लागेल. पूर्णांक, नाहीतर अपूर्णांक. त्या म्हणाल्या, श्वास पूर्णांक नसतो. मग त्यांनी एक अभंग दोनदा म्हणून दाखवला, आणि दोन्ही वेळा विसावे निराळे पडले. फाइलीत मी एक ओळ लिहून ठेवली आहे: नाव ‘विसावा’. स्वरूपाची जागा मोकळी आहे.